कापलेल्या टाळ्या

५ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तू नुसतं 'हो, हो' म्हणतोस आणि तुला एक अक्षर ऐकू आलेलं नसतं, हे आता सगळ्या घराला माहीत आहे. म्हणून पत्र.

श्राव्य ग्रंथालयाच्या बाईंनी लिहिलंय. आई गेल्याला तीन महिने झाले, तेवढे दिवस त्या गप्प बसल्या हेच खूप. अंध वाचकांसाठी आई ती नावाड्याच्या घराण्याची जाडजूड कादंबरी वाचत होती ना, तिची छत्तीसपैकी तेहतीस प्रकरणं आणि चौतिसाव्याचं अर्धं झालंय. उरलेली अडीच प्रकरणं एप्रिलअखेर कुणी वाचून दिली तर ठीक. नाहीतर सगळं पुस्तक दुसऱ्या वाचकाकडून पहिल्यापासून वाचून घेणार आणि आईचं रद्द करणार. मी लगेच कळवलं की मी वाचते. माझा आवाज आईसारखा आहे, आयुष्यभर लोक फोनवर फसत आलेत. बाई तयार झाल्या. एकच अट घातली, मागे घरघर नको.

आणि तू जोडून दिलेला आपला कॉम्प्युटर म्हणजे नुसती घरघर. सुरू व्हायला पंधरा मिनिटं घेतो. चार पानं वाचली की अडकतो आणि मधलं अर्धं वाक्य गिळतो. दुकानवाला म्हणाला, टाकून द्या, नवा घ्या. पण आईचा माईक ज्या कार्डाला लागतो ते कार्ड नव्यात बसत नाही म्हणे, आणि दुसऱ्या माईकवर आवाज जुळणार नाही. शिवाय, खरं सांगू? सुरू करायच्या बटणावरचा रंग आईच्या बोटाने गेलाय. ते मी भंगारात घालणार नाही.

तिची खोली तशीच आहे. भिंतींना गोधड्या, दाराला आतून जाड पडदा. माझ्या शिवणातली लाल चिंधी अजून कडीला लटकतेय. चिंधी बाहेर दिसली की आत जायचं नाही, शिवणयंत्र चालवायचं नाही, मी इकडे बसून हातशिलाई करायची. वाचून झालं की आतून 'झालं गं, ये' अशी हाक यायची आणि मी चहा घेऊन जायची. त्या दिवशी मी बाजारात गेले नसते तर, असं रोज मनात येतं. असो.

याचं आयुष्य वाढवता येईल का, तेवढं सांग.

तुझी टाचणी


१४ फेब्रुवारी

टाचणे,

दुकानवाल्याला सांग की त्याचं वय झालं की त्यालाही टाकून देऊ. अकरा वर्षं म्हणजे त्या यंत्राचं काही मरायचं वय नाही. त्याला श्वास घ्यायला जागा नाही, एवढंच त्याचं दुखणं आहे.

सोबत खोका पाठवतोय. त्यात मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत, एक नवा पंखा, आतली उष्णता ओढून घेणाऱ्या पेस्टची बारकी नळी आणि फिरत्या तबकडीऐवजी बसवायची नवी डिस्क. या डिस्कमध्ये काही फिरतच नाही, त्यामुळे ती आवाज करत नाही. आधी वायर भिंतीतून काढ. मग डब्याचं झाकण उघडायच्या आधी त्याच्या पत्र्याला हात लाव, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल. कुठली वायर कुठे होती याचा फोटो काढून ठेव. धूळ फुंकू नकोस, तुझ्या शिवणयंत्राचा मऊ ब्रश वापर. पंखा बदलताना खालची वाळलेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लाव. मेमरीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी 'टक्' होईपर्यंत दाब, घाबरून अर्धवट ठेवू नकोस. जुनी डिस्क नवीवर उतरवायला चार-पाच तास लागतील. तेवढा वेळ डोकावत बसू नकोस. काय काय दाबायचं ते वेगळ्या कागदावर लिहिलंय, तुला समजेल अशा भाषेत, म्हणजे शिंपिणीच्या.

वाचताना चुकलीस तर ताईसारखी टाळी वाजव आणि वाक्य पुन्हा वाच. मला ऐकू येत नाही, पण पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ दिसते आणि तिच्यात टाळी खिळ्यासारखी उभी राहते. खिळा दिसला की चुकलेलं वाक्य आणि टाळी दोन्ही कापायचं. शेवटी ताई तुला हाक मारायची, 'झालं गं, ये', तीही मी कापत आलो. तिचा आकार तर मला पाठ आहे. अकरा वर्षं बहिऱ्याने संपादन केलं आणि ग्रंथालयाला पत्ता लागला नाही.

ताईची शेवटची फाईल मी साफ करून तेव्हाच पाठवली आहे. ती तू उघडायची गरज नाही.

मामा


२७ फेब्रुवारी

मामा,

झालं! टक् म्हणजे किती जोरात टक् ते तू लिहिलं नव्हतंस, मला वाटलं मोडलाच.

झाकण उघडलं तर आत धुळीची अख्खी गादी होती. पंख्याच्या पात्यात आईचे केस गुंडाळलेले होते, पांढरे, लांब. ते मी ओढून काढले नाहीत, एकेक सोडवले. मग पेस्ट, पट्ट्या, डिस्क. डिस्क उतरत होती तेवढ्यात दोन सदऱ्यांची काजं करून झाली. संध्याकाळी बटण दाबलं आणि चहा कपात ओतेपर्यंत हजर! मी उठून पंखा फिरतोय का ते हात लावून बघितलं, इतका गप्प. ही खोली इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती. घड्याळ मी स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, तरी वाटत राहिलं की काहीतरी ऐकू येतंय. कान सवयीने घरघर शोधत असतील.

परवा दुपारी कडीला चिंधी लावली आणि चौतिसाव्याच्या उरलेल्या अर्ध्यातली पहिली चार पानं वाचून बघितली. चिंधी लावायची काही गरज नव्हती, घरात मी एकटीच. पण त्याशिवाय आवाज फुटेना.

आता तुझ्याकरता कोडं. माझ्या रेघेत दोन खिळे आहेत. मी टाळी वाजवली नाही, मामा. चुकले तेव्हा हातात पुस्तक होतं, मी तशीच पुढे वाचत गेले. पण खिळे बरोबर त्या दोन चुकांच्या मागोमाग उभे आहेत. हेडफोन लावला तर टाळीच ऐकू येते, जरा लांबून, खोलीच्या पलीकडून यावी तशी. चित्र छापून पाठवतेय. तू जोडलेल्या यंत्रात काय घुसलंय ते सांग.

टाचणी


८ मार्च

टाचणे,

काही घुसलेलं नाही. पट्टी नीट बसली नसेल तर असा कडाका येतो. पट्ट्या काढ, खोडरबराने त्यांचे सोनेरी दात घास आणि पुन्हा बसव. माईकच्या कार्डाचा स्क्रूही आवळ. तुझ्या चुकांच्या मागोमाग आला हा योगायोग. माणूस चुकतो तेव्हाच हात टेबलाला लागतो, खुर्ची करकरते.

हे सगळं मी पहिल्या दिवशी लिहिलं आणि पत्र टाकलं नाही. दोन दिवस चित्र भिंगाखाली घेऊन बसलो होतो.

विजेचा कडाका म्हणजे सरळ उभी रेघ, आली आणि गेली. तुझ्या खिळ्याला मागे शेपटी आहे. चार-पाच बारीक टोकं, उतरत गेलेली. ताईच्या डाव्या हातात ते सैल कडं असायचं ना, टाळी वाजली की ते मनगटावर हलायचं. तिच्या प्रत्येक टाळीमागे अशी शेपटी असायची. मी हजारो कापल्यात.

ते कडं तू घातलंयस का? घातलं असशील तर प्रश्नच मिटला. टाळी तूच वाजवलीस आणि विसरलीस. कळव.

मामा


१९ मार्च

मामा,

पट्ट्या घासल्या, स्क्रू आवळला. चौतिसावं प्रकरण वाचून संपवलं. पेन ड्राइव्ह सोबत आहे.

सात टाळ्या आहेत. सहा चुका मला माहीत होत्या. सातवी टाळी बघून मला वाटलं, चला, ही तरी खोटी. म्हणून पुस्तक उघडून ओळ ताडून बघितली. 'होडी काठाशी लावली' असं छापलंय आणि मी 'काठाला' वाचलं होतं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. कुणाच्या तरी आलं.

तू घाबरशील, पण मी पहिल्यांदा हसले. आई गेली तरी माझ्या चुका काढणं सुटलं नाही, असं वाटलं आणि बरं वाटलं. दुपारी खोलीत जायची ओढच लागली. वाचताना कानावर काही येत नाही. वाचून झाल्यावर रेघ बघायची, खिळे मोजायचे, तेवढी वाक्यं दुरुस्त करायची. शाळेतून आल्यावर ती पाढे म्हणून घ्यायची तसंच चाललंय.

कडं माझ्या हातात नाही. ते तिच्या मनगटातून मी काढलंच नाही, तसंच गेलं तिच्याबरोबर. तुला वाटलं मी ठेवून घेतलं असेल.

दुसरं म्हणजे, आता कॉम्प्युटर पटापट चालतो, तर जुन्या फायलींची यादी एका झटक्यात समोर येते. पूर्वी ती उघडेपर्यंत मी कंटाळून उठायचे. त्यात आईची शेवटच्या दिवसाची मूळ फाईल दिसली, एक तास वीस मिनिटांची. तू साफ करून ग्रंथालयाला पाठवलेली अडतीस मिनिटांची आहे.

टाळ्या कापून जास्तीत जास्त दोन-तीन मिनिटं कमी होतात, हे तूच मला सांगितलंयस. बेचाळीस मिनिटं कुठे गेली, मामा? मी ती फाईल उघडलेली नाही. तुझ्या उत्तराची वाट बघते.

टाचणी


२९ मार्च

बाळ,

उघडू नकोस.

मी सांगतो काय आहे ते. त्या आठवड्याचा पेन ड्राइव्ह मला नेहमीसारखा पोस्टाने आला. शेजाऱ्यांना तुझ्याकडून फोन आला आणि त्यांनी ती बातमी कागदावर लिहून मला दाखवली, त्याच्या आदल्या सकाळी मी फाईल उघडली होती. शेजारी गावाला गेले होते, त्यामुळे बातमी मला आठवड्याने मिळाली. पेन ड्राइव्ह मात्र तू दोन दिवसांनी, घरातली माणसं पांगल्यावर, ठरलेलं काम म्हणून सवयीने टाकला होतास.

अडतीस मिनिटं वाचन होतं, नेहमीसारखं स्वच्छ. मग टाळ्या. तीन. थांबून दोन. मग तीन, आणि बऱ्याच वेळाने एक. मधे एकही शब्द नाही. चारेक मिनिटं असं चाललंय, आणि मग शेवटपर्यंत रेघ सपाट. मी स्वतःशी म्हणालो, आज ताईचं लक्ष नाही, चुकतेय सारखी, आणि बटण बंद न करताच उठून गेली. अडतीस मिनिटांच्या पुढे रेघ टाकली आणि सगळं कापलं. ग्रंथालयाला पाठवलं. माझ्याकडची मूळ प्रतही पुसली, जागा होत नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा कागद हातात आला तेव्हा कळलं त्या टाळ्या कसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, छातीत कळ आली की श्वास कोंडतो, हाक निघत नाही. आवाज निघत नव्हता म्हणून ती टाळ्या वाजवत होती. कुणीतरी यावं म्हणून.

बहिरा आहे म्हणून सुटता येत नाही मला. माझ्या डोळ्यांसमोर होत्या त्या. माझ्या बहिणीच्या शेवटच्या नऊ टाळ्या मी चुका म्हणून कापून टाकल्या. तुला सांगायला तोंड नव्हतं.

तू बाजारात होतीस. तुझ्याकडे यातलं काही लागत नाही, हे पक्कं लक्षात ठेव.

मामा


९ एप्रिल

मामा,

मी बाजारात नव्हते.

घरात होते. दाराच्या बाहेर, नेहमीच्या खुर्चीत, मांडीवर एका सदऱ्याची काजं घेऊन. टाळ्या मी ऐकल्या. गोधड्यांतून, पडद्यातून, बारीक, पण ऐकल्या. तीन झाल्या तेव्हा मनात म्हटलं, आज आईची गाडी रुळावरून घसरलीय. पुढच्या दोनला हसू आलं. नंतरच्या तिनांना वैताग, की आता हिचं वाचन लांबणार आणि मला शिवणयंत्र सुरू करता येणार नाही. कडीला लाल चिंधी होती. चिंधी असली की आत जायचं नाही. अकरा वर्षांत मी एकदाही गेले नव्हते. मग सगळं शांत झालं. तिने 'झालं गं, ये' म्हणायची वाट बघत मी सहा काजं पूर्ण केली. चार वाजता चहा गार व्हायला लागला म्हणून दार ढकललं.

लोकांनी विचारलं तू कुठे होतीस, आणि तोंडातून बाजार निघाला. एकदा निघाला आणि तोच खरा होऊन बसला. तुला ऐकू येत नाही म्हणून तू कापल्यास. मला ऐकू येत होतं, मामा. दोन पावलांवर होते मी.

आता पुढचं ऐक. पस्तिसावं प्रकरण मी पाठ केल्यासारखं तयार केलं. प्रत्येक पान तीनदा मोठ्याने वाचलं आणि मग बसले. एकही चूक केली नाही. रेघ बघितली तर अडतीस मिनिटं कोरी. त्यानंतर तीन खिळे. मग दोन. मग तीन. आणि बऱ्याच वेळाने एक.

तेव्हा मी आईची फाईल उघडली. ऐकली नाही, तेवढं धैर्य नाही माझ्यात. नुसती रेघ छापली. माझी रेघही छापली आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले. खिळ्यावर खिळा बसला. एकही तसूभर इकडेतिकडे नाही.

ती चुका काढत नव्हती. मी सुरुवातीला हसले त्याची आता लाज वाटते. ती बोलावतेय. इतके दिवस पंख्याची घरघर होती, आता ती गेली, म्हणून मला ऐकू आलं. अजून एक प्रकरण राहिलंय आणि हातात एकवीस दिवस. मला त्या खोलीत जायची भीती वाटते आणि न जायचीही भीती वाटते.

टाचणी


१५ एप्रिल

टाचणे,

हे पत्र मिळाल्याबरोबर मी सांगतो ते कर. कॉम्प्युटर उघड, नवा पंखा काढ, जुना बसव. जुनी डिस्क तू फेकली नसणार, तीही लाव. होऊ दे घरघर. घरघर असलेली बरी. ग्रंथालय घेणार नाही तर न घेवो. ताईची तेहतीस प्रकरणं गेली तर गेली. ती माझी बहीण होती, मीच सांगतोय, जाऊ दे.

तू तिथे एकटी आहेस. माझा पाय नीट असता तर आजच निघालो असतो.

आणि बाजाराचं म्हणशील तर, मीही खोटं बोललो होतोच की. साफ करून ठेवलीय, गरज नाही, असं लिहिलं होतं तुला. आपण दोघांनी एकच चूक केली. तिने जे शिकवलं होतं तेच आपण केलं. टाळी म्हणजे चूक, हे तिनेच ठरवलं होतं ना? तुला दोष देणारी ती नाही. मी तिला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतो.

पंखा बदल. बदललास की लगेच लिही.

मामा


२६ एप्रिल

मामा,

पंखा नाही बदलला. रागावू नकोस.

तुझं पत्र आलं त्या दिवशी स्क्रू काढायला घेतले होते. झाकण हातात होतं. मग वाटलं, एकदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आता मुद्दाम घरघर लावून दुसऱ्यांदा करू? हात पुढे जाईना. झाकण परत लावलं.

काल दुपारी पावणेतीनला कडीला चिंधी लावून बसले. छत्तिसावं, शेवटचं. टेबलावर घड्याळ ठेवलं होतं. वाचत गेले. सदतिसाव्या मिनिटाला वाक्य पूर्ण केलं, पुस्तक पालथं घातलं, रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं आणि उठले. बाहेर आले. दार लावून घेतलं. त्याच खुर्चीत बसले. मांडीवर शिवण घेतलं, सुईसुद्धा हातात धरली. का ते विचारू नकोस, त्या दिवशी जशी होते तशीच मला असायचं होतं.

आणि कानांनी ऐकल्या. हेडफोनमध्ये नाही, कागदावर नाही. बंद दाराच्या पलीकडून, बारीक. एक, दोन, तीन. आतल्या खोलीत कुणी नव्हतं, मी स्वतः रिकामी करून आले होते. सुई कुठे पडली कळलं नाही. मग मोठ्याने ओरडले, "आले गं आई, आले!" आणि दार ढकललं.

खुर्ची होती, माईक होता, पालथं पुस्तक होतं. पडद्यावर रेघ पुढे चालली होती आणि तिसरा खिळा अजून डावीकडे सरकत होता.

मी थांबले. पुढच्या दोन टाळ्या वाजतात का बघत उभी राहिले. नाही वाजल्या. खूप वेळ नाही. मग रडले, जमिनीवर बसून, पोट दुखेपर्यंत. आई गेल्यापासून अशी रडले नव्हते. माझं रडणंही रेकॉर्ड झालंय, ते तेवढं काप बाबा.

तोंड धुऊन आले आणि दार सताड उघडं ठेवून उरलेलं वाचलं. चार वेळा अडखळले. एकही खिळा नाही! शेवटी माझ्या मीच टाळ्या वाजवल्या आणि वाक्यं पुन्हा वाचली. 'समाप्त' म्हटलं, दहा सेकंद थांबले आणि बंद केलं. नंतर हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. 'समाप्त'नंतर काही नाही, नुसती शांतता.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. तीस तारखेच्या आत ग्रंथालयाला पोचव. त्या तीन टाळ्यांचं काय करायचं ते तू ठरव. पुन्हा कापायला तुझा हात धजेल असं मला वाटत नाही.

टाचणी


१२ जून

टाचणे,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी मलाच खात्री करून घ्यायची होती.

पुस्तक वेळेत पोचलं, त्यांनी स्वीकारलं, ताईची सगळी प्रकरणं राहिली. ही पहिली गोष्ट. तुझं रडणं कापलं, तुझ्या चार चुका आणि चार टाळ्या कापल्या. त्या तीन टाळ्या आणि 'आले गं आई' एवढा तुकडा काढला, पण पुसला नाही. तो वेगळा ठेवलाय, माझ्याजवळ.

शेवटचं तुला सांगितलं नव्हतं. तू म्हणतेस 'समाप्त'नंतर नुसती शांतता आहे. माझ्या पडद्यावर नाही. तुझा 'समाप्त' संपतो, चार सेकंद रेघ सपाट जाते, आणि मग एक आकार येतो. एक रुंद उंचवटा, त्याला लागून छोटा, जराशी फट, आणि मग एक लांब, हळूहळू उतरत गेलेला. डोळे मिटले तरी मला तो दिसतो. अकरा वर्षं दर आठवड्याला दर फाईलच्या शेवटी मी तो कापत आलोय. 'झालं गं, ये.'

मी म्हातारा आहे, बहिरा आहे, आणि चार महिने आपण दोघं नको ते बघत बसलो होतो. मला वाटलं, डोळेच फसवतायत. कुणाला विचारणार? तू तर ऐकून बसली होतीस आणि तुला काही ऐकू आलं नव्हतं. कात्री चालवली नाही. होतं तसं ग्रंथालयाला पाठवून दिलं.

काल बाईंचं पत्र आलं. त्यांचीच ओळ उतरवतो. 'पुस्तक ऐकून बऱ्याच वाचकांनी विचारणा केली आहे. शेवटची अडीच प्रकरणं वाचणाऱ्या ताई वेगळ्या आहेत हे त्यांना पहिल्या पानालाच कळलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण अगदी शेवटी आपल्या नेहमीच्या बाई कुणाला तरी बोलावतात, ते कोणाला, असं सगळे विचारतात.'

तुला ऐकू आलं नाही. मला दिसलं. त्यांनी ऐकलं. आता मी वाद घालत नाही.

चिंधी कडीवरून काढ. जुना पंखा कशाला ठेवलायस, देऊन टाक. कॉम्प्युटर पाच-सहा वर्षं सहज चालेल, मात्र बंद ठेवू नकोस, वापरात ठेव. बाईंना नवं पुस्तक द्यायचंय, मी तुझं नाव कळवून मोकळा झालो. दुपारी दार उघडं टाकूनच वाचत जा. चुकलीस की टाळी वाजव, मी कापायला आहे. आणि वाचून झालं की 'झालं गं, ये' एवढं वाक्य तूच म्हणायचं, मोठ्याने, रोज. तुझ्यामागून दुसऱ्या कुणी म्हटलं तर मला आकार ओळखता येतो, मी कळवीन.

मामा